मिठाचे कुंपण

महाराष्ट्रापासून दूर सरकारी वसाहतीत दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांना स्वतःच्या मालकीची जमीन क्वचितच असते. पण तळमजल्याचे घर वाट्याला आले, की दाराशी चार हात माती मिळते आणि तिच्याबरोबर कुंपणाची चिंताही मिळते. आग्र्यास आल्यावर आमच्या मेथीच्या वाफ्यावर मोकाट गाईंनी हक्क सांगितला, तेव्हा मी कारकुनी सवयीने तीन अंदाजपत्रके तयार केली. सालाच्या फळ्यांचे लाकडी कुंपण: खर्च एका दमात अंगावर येणारा. बांबूची ताटी: स्वस्त, पण दोन पावसाळ्यांपलीकडे तिचा भरवसा नाही. करवंदीची जिवंत वई: खर्च नाममात्र, परंतु तीन वर्षे पाणी आणि धीर दोन्ही घालावे लागणार. माळ्याने माझ्या कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो एवढेच म्हणाला, "बाबूजी, लगाने का दाम मत देखिए, दीमक का हिसाब जोड़िए."

हाच वाळवीचा हिशेब दीडशे वर्षांपूर्वी एका मोठ्या अधिकाऱ्याला याच मुलखात मांडावा लागला होता. त्याचे कुंपण मात्र मेथीच्या वाफ्याभोवतीचे नव्हते. ते हिंदुस्थानच्या छातीवरून आडवे गेलेले होते.

इंग्रजी अमलात मिठावरील कर सर्वत्र सारखा नव्हता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो कमी, तर उत्तरेत मणामागे ३ रुपये होता. पश्चिमेकडे राजपुतान्यात सांभरसारखी मिठाची सरोवरे होती आणि त्यांतील बरीचशी संस्थानिकांच्या ताब्यात होती. हे स्वस्त मीठ पूर्वेकडे येऊ नये, म्हणून कंपनीच्या काळापासून जकातीची नाकी बसवण्यात आली. नाक्यांची रांग झाली आणि रांगेची सरहद्द झाली. १८६९ साली ही जकात-रेषा सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि १,७२७ चौक्यांवर १२,००० च्या आसपास माणसे तिचा पहारा करीत होती. दिल्ली, आग्रा, झाशी या आपल्या ओळखीच्या गावांच्या बाजूने ती खाली उतरत होती. तिच्यावरचे काटेरी कुंपण तापीकाठच्या बऱ्हाणपुरापर्यंत, म्हणजे आपल्या खानदेशाच्या वेशीपर्यंत, येऊन पोहोचले होते.

प्रारंभी हे कुंपण सुके होते. बोरीच्या काटेरी फांद्या आणायच्या, खुंट्यांनी जमिनीत जखडायच्या आणि त्यांचा बांध रचायचा, अशी ती पद्धत. कोकणात वई घालताना आपण जे करतो, तेच हे काम, केवळ प्रचंड प्रमाणावर. १८६७ साली अंतर्गत जकातीचे आयुक्त म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आले. त्यांनी हिशेब केला, तेव्हा सुक्या कुंपणाच्या एका मैलाला सुमारे २५० टन काटेरी माल लागतो असे दिसले, आणि तो पाव मैलापासून सहा मैलांपर्यंतच्या अंतरावरून वाहून आणावा लागे. त्यातही वाळवी, उंदीर, वणवा आणि वादळ यांच्या तडाख्यातून वर्षाअखेर जेमतेम निम्मे कुंपण उभे राही. म्हणजे शंभर मैलांसाठी २५,००० टन काटे रचायचे आणि त्यांतले साडेबारा हजार टन दरवर्षी पुन्हा आणायचे! लावण्याच्या किमतीपेक्षा टिकवण्याची किंमत भारी, हे माझ्या माळ्याचे सूत्र ह्यूमसाहेबांनी सरकारी कागदावर सिद्ध केले होते.

त्यांनी जिवंत कुंपणाचा मार्ग धरला. कोणत्या मातीत आणि किती पावसात कोणते झाड धरते, याचे प्रयोग झाले. बोर, बाभूळ, करवंद आणि निवडुंगाच्या जाती ही मुख्य झाडे ठरली. हिसारसारख्या कोरड्या भागात फड्या निवडुंगावर भागवावे लागले, तर काही ठिकाणी बांबू लावले गेले. जमीन निकस असेल तेथे माती उकरून दुसरी भरली गेली. पुराच्या पट्ट्यात बांध घालून त्यावर रोपे लावण्यात आली. कुंपण चांगले वाढले तेथे त्याची उंची आठ फुटांखाली नव्हती आणि काही जागी ती बारा फूट, तर जाडी चौदा फूट झाली. १८७० मध्ये ह्यूम पायउतार झाले, तेव्हा चारशे पावणेएकोणपन्नास मैल कुंपण 'परिपूर्ण' आणि दोनशे साडेतेहेतीस मैल 'मजबूत व चांगले' झाल्याची नोंद झाली. आकड्यांत सांगायचे तर ४४८¾ आणि २३३½. पाव मैलाचीही फसवणूक न करणारा हा हिशेब वाचताना माझ्यातील कारकुनाला आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

जमाखर्चही चोख होता. १८६९-७० मध्ये या रेषेवर मिठापासून सव्वा कोट आणि साखरेपासून १० लाख रुपये जमा झाले. खर्च १६ लाख २० हजार. रुपयाच्या वसुलीला सुमारे दोन आणे खर्च, असा हा ताळा. आजही एखाद्या लेखापरीक्षकाने त्यावर विनातक्रार सही केली असती.

पण मिठाचा एक हिशेब त्या वहीत नव्हता. मीठ श्रीमंताला लागते तेवढेच उन्हात घाम गाळणाऱ्या मजुरालाही लागते. किंबहुना त्याला अधिकच लागते. ज्याला दिवसाला दोन आणे मिळत, त्याच्या २४ दिवसांच्या मजुरीइतका एका मणावरील कर होता. कुंपण जसजसे दाट झाले, तसतसे चोरटे मीठ थांबले असेल अशी आपली कल्पना होईल. प्रत्यक्षात १८६८ साली या गुन्ह्यासाठी २,३४० लोकांना शिक्षा झाली होती, ती संख्या १८७७-७८ मध्ये ६,०७७ वर गेली. त्याच सुमारास देशात दुष्काळ होता. जेथे काटे बारा फूट वाढत होते, तेथे त्यांच्या अंगावर जाणारी माणसेही वाढत होती. ही गोष्ट कोणत्याही रकान्यात 'दुरुस्ती' म्हणून दाखवता येण्याजोगी नव्हती.

अखेर कुंपण पडले ते दयेने नव्हे. सरकारने सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेतले, राजपुतान्यातील इतर संस्थानांशी करार केले आणि मीठ निघते तेथेच कर घेण्याची सोय झाली. निरनिराळ्या इलाख्यांतील दरही जवळजवळ आणले गेले. मग पहाऱ्याचा खर्च कशाला? १ एप्रिल १८७९ रोजी रेषा मोडली. कर मात्र राहिला. दांडीची यात्रा १९३० साली निघाली आणि तो कर १९४७ साली उठला.

कुंपण इतक्या लवकर विस्मृतीत गेले, की ते खरोखर होते काय, अशी शंका यावी. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज गृहस्थांनी काही वर्षे शोध घेऊन इटावा जिल्ह्यात त्याचा एक उरलेला बांध गाठला आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिले. योगायोग असा, की त्याच इटाव्यात ह्यूम पूर्वी कलेक्टर होते आणि तेथे त्यांनी रयतेच्या मुलांसाठी मोफत शाळा काढल्या होत्या. पुढे १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागेही हेच ह्यूम उभे होते. त्यांना दुष्ट म्हणणे सोपे नाही. ते कर्तव्यदक्ष, अभ्यासू आणि रयतेविषयी कळवळा असणारे होते; आणि तरीही त्यांच्या हातून हे काटे उभे राहिले, तेही सर्वांत उत्तम रीतीने. आपण सारे पाव मैलाचा हिशेब चोख ठेवणारी माणसे. आपल्या टेबलावरून जाणाऱ्या एखाद्या फायलीचा काटा दूरच्या कोणाच्या पायात रुतत असेल, हे आपल्याला कोठून कळणार? फाईल तर बिनचूक असते.

मी शेवटी करवंदीची वई लावली. पहिल्या पावसात ती हातभर वाढली आहे. मागच्या गल्लीतल्या मोलकरणींची नळाकडे जाणारी पायवाट आमच्या अंगणाच्या कडेने जाते. तेथे माळी रोप लावू लागला, तेव्हा घरातून आवाज आला, "अहो, तेवढी जागा मोकळी राहू द्या." तेवढी मोकळी ठेवली आहे. गाय तेथून अजूनही अधूनमधून येते.