सखू आणि रतन

आम्ही जैन. घरात विठोबाचा फोटो नाही, एकादशी नाही. तरी एका आषाढीला टीव्हीवर जुना ‘संत सखू’ लागला तेव्हा माझ्या सासूबाई पाटावर बसून शेवटपर्यंत बघत राहिल्या. शेजारच्या दोघी-तिघी बायकाही आल्या होत्या. सखूला सासू खांबाला बांधते तिथे प्रत्येकीचा पदर डोळ्यांना लागला. त्यांतल्या एकीने हात जोडले. ते विठ्ठलाला की त्या नटीला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सिनेमा संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, “काय सोज्वळ चेहरा गं तिचा! पण बाई बरी नव्हती म्हणे.”

‘म्हणे’ हा शब्द आपल्याकडे फार कामाचा. तो वापरला की पुढे काही शोधावं लागत नाही. मी मात्र वाचनालयातून तिचं पुस्तक आणलं. घरी आणताना त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, हेही कबूल करते. त्या वेळी मी दोन मुलांची आई होते. बी.ए. झालेली होते. तरी कव्हर घातलंच.

ती नटी म्हणजे हंसा वाडकर. खरं नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ सालचा, मुंबईचा, पण घराणं सावंतवाडीचं. सावंतवाडी म्हटलं की पेडण्याच्या आणि डिचोलीच्या माणसाला परकं वाटत नाही. पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेलं. तोवर ते सावंतवाडीच्या भोसल्यांचंच होतं, आणि डिचोली-सत्तरी त्याच्या थोडी वर्षं आधी गेली. राज्य बदललं, पण सोयरीक, बाजारहाट, देवळातले उत्सव आणि गाणंबजावणं यांचं येणंजाणं तेरेखोलच्या अल्याडपल्याड चालूच राहिलं.

रतनचं घराणं कलावंतिणींचं होतं. आपल्या भागात हे सांगताना अजून आवाज खाली येतो. देवळाच्या सेवेशी आणि मैफलीशी बांधलेली ही घराणी. मुलीला गाणं शिकवायचं, लग्न मात्र करायचं नाही, अशी रीत. या बायकांच्या नावापुढे गावाचं नाव लागे. पेडणे तालुक्यातल्या मालपेच्या अंजनीबाई मालपेकर बघा. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप देऊन मान दिला. हिराबाई पेडणेकर बघा, मराठीत नाटक लिहिणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक. नावात पेडणे घेऊन वावरल्या. या बायकांनी गावांची नावं दूरदूर नेली. गावाने त्यांना आपल्या ओसरीवर किती बसवलं, ते जुन्या बायकांना विचारा. पुढे याच समाजाने गोमंतक मराठा समाज या नावाने स्वतःची सुधारणा स्वतः केली. शिक्षण घेतलं, लग्नं लावली, जुनी रीत मोडली. आपण बाकीच्यांनी त्यात काही केलं असं मला तरी दिसत नाही.

रतनच्या आईवडिलांचं लग्न झालेलं होतं. म्हणजे जुनी रीत मागे पडली होती, पण पैसा काही मागोमाग आला नाही. वडील दारूत गेलेले, घर ओढाताणीचं. घरातल्या आत्या वगैरे नाटक-सिनेमात होत्याच. १९३६ साली मामा वरेरकरांच्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात रतन उभी राहिली, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. नाव बदलून हंसा वाडकर झाली. त्या दिवसापासून घर तिच्या कमाईवर चाललं. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला एकटीला डेअरीवर दूध आणायला पाठवायचं तरी आपण मागे दोनदा बघतो.

मग बॉम्बे टॉकीज आली. तिथे फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या हाताखाली १९३९ साली ‘नवजीवन’ आणि ‘दुर्गा’ या चित्रपटांत तिने काम केलं. तिथून ती पुण्याला प्रभातमध्ये आली. ज्या दामले-फत्तेलाल जोडीने ‘संत तुकाराम’ केला, त्यांनीच राजा नेन्यांबरोबर १९४१ साली ‘संत सखू’ केला. कऱ्हाडची सून सखू, तिला छळणारी सासू, पंढरीची ओढ. सखू वारीबरोबर जाते आणि विठ्ठल बाईचं रूप घेऊन तिच्या जागी घरात उभा राहतो. दळतो, पाणी भरतो, सासूच्या शिव्या खातो. ही गोष्ट मराठी बाईला का आवडते ते सांगायला नको. आपल्या जागी एक दिवस तरी कुणी उभं राहावं, असं कुणाला वाटत नाही?

तेव्हा हंसा अठरा वर्षांची होती. पडद्यावर ती सोशीक सून झाली आणि लोकांनी तिला तशीच मनात ठेवली. पुढे १९४९ साली ती ‘संत जनाबाई’ही झाली. पण या सोशीक सुनेच्या घरी काय चाललं होतं? तिचं लग्न त्याआधीच, अगदी कोवळ्या वयात, जगन्नाथ बंदरकर यांच्याशी झालं होतं. ते वयाने बरेच मोठे आणि घरोब्यातले होते. लग्न झालं की काम सोडायचं, आपलं घर, आपली चूल, आपली मुलं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने सांगितलं आहे ते असं, की नवऱ्याला तिचं काम सुटलेलं नको होतं. कामं तोच ठरवी, पैसाही तोच बघे, आणि वर ज्यांच्याबरोबर काम कर म्हणे त्यांच्यावरूनच तिचा संशय घेई. मुलगी झाली. पुढचे गर्भ राहिले ते टिकू दिले गेले नाहीत, कारण गर्भारपणात शूटिंग थांबतं. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन आले.

मग तीही बिघडली, असं आपण म्हणू. दारू आली, भांडणं आली, घर सोडून जाणं आलं. तिने यातलं काही लपवलेलं नाही. उलट स्वतःला वाचवायला एखादी सबब पुढे करावी, तेही तिने फारसं केलेलं नाही. मला वाटतं, हाच त्या पुस्तकाचा सगळ्यात अवघड भाग आहे. आपल्याला बाई दुःखी चालते, पण ती दुःखात शहाण्यासारखी वागलेली हवी असते. सखूसारखी.

एकदा नवऱ्याशी भांडून निघालेली हंसा जोशी नावाच्या माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका खेड्यात जाऊन पोचली. तिथे त्याच्या आधीच्या बायका होत्या, मुलं होती. ही तिसरी. डोक्यावर पदर, दाराबाहेर जायला बंदी, आणि दिवसभर घरातलं काम. तीन वर्षं ती तिथे राहिली. जिला आयुष्यभर घर हवं होतं तिला घर मिळालं ते असं, बाहेरून कडी घातलेलं. इकडे गावोगावच्या थिएटरांत बायका खांबाला बांधलेल्या सखूसाठी रडत होत्या. शेवटी तिने गुपचूप चिठ्ठी धाडली आणि नवरा पोलीस घेऊन आला. सुटका झाली म्हणावी, तर ज्या मॅजिस्ट्रेटसमोर जबाब द्यायचा होता त्यानेच तिच्यावर अत्याचार केला. विठ्ठल काही तिच्या जागी उभा राहिला नाही.

पर्युषणात आमच्या महिला मंडळात मी चंदनेची कथा सांगितली होती. चंपानगरीची राजकन्या, पळवून आणून कौशांबीच्या बाजारात विकलेली. शेठाणीने संशयाने तिला बेड्या घातल्या. आणि महावीरस्वामींनी आहार घेतला तो त्याच बेडीतल्या मुलीच्या हातचा. पुढे ती त्यांच्या आर्यिका संघाची प्रमुख झाली. छत्तीस हजार आर्यिका तिच्या मागे होत्या असं आपले ग्रंथ सांगतात. मी म्हटलं, भगवंतांनी तिला विचारलं नाही की बाई, तू बाजारातून आलीस ना, मधल्या काळात कुठे कुठे होतीस? आणि ओघात हंसा वाडकरचं नाव घेतलं. सभेत एकदम शांतता झाली. एक वडीलधाऱ्या बाई नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सतींच्या पंगतीला कुणाला बसवतेस गं?” मी गप्प बसले, तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला काही हंसाला सती करायचं नव्हतं. बेडी सोन्याची नव्हती एवढंच सांगायचं होतं.

तिकडे अमेरिकेतही हीच तऱ्हा. हंसाहून एका वर्षाने मोठी डोरिस डे ही हॉलिवूडची नटी. हसरी, गोरी, शेजारच्या घरातल्या गुणी मुलीसारखी. पहिला नवरा मारझोड करणारा निघाला. तिसरा नवरा मार्टिन मेल्चर तिचे सगळे व्यवहार बघायचा. १९६८ साली तो वारला तेव्हा कळलं की वीस वर्षांची कमाई गेली आहे आणि डोक्यावर कर्ज आहे. शिवाय तिला न विचारता तिच्या नावावर टीव्ही मालिकेचा करारही करून ठेवलेला. ती कोर्टात गेली. नवऱ्याबरोबर पैसे सांभाळणाऱ्या वकिलाविरुद्ध १९७४ साली तिला दोन कोटींहून जास्त डॉलरचा निकाल मिळाला, आणि मग तिनेही आपली गोष्ट एका लेखकाला सांगून छापली. त्या मायदेशी निदान कोर्ट तरी होतं. आपल्या हंसाला कोर्टवाल्यानेच काय दिलं ते वर लिहिलंच आहे.

तरी काम तिने टाकलं नाही. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’तली बया ही तिची. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. तोवर सखूची प्रतिमा मागे पडून तमाशातली बाई ही प्रतिमा चिकटली होती. आधी देवी, मग तमासगीर. मधली जी साधी बाई, तिची भूमिका तिला कुणी दिलीच नाही.

त्याच चित्रपटाचं नाव तिने आपल्या आत्मकथेला दिलं. ती सांगत गेली आणि अरुण साधूंनी लिहून घेतलं. आधी ‘माणूस’मध्ये आलं, १९७० साली राजहंसने पुस्तक काढलं. त्यानंतर थोड्याच काळात ती गेली. वयाची पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या ओळखीच्या पुष्कळ बायकांनी ‘भूमिका’ बघितला आहे, पण मूळ बाई कोण हे त्यांना ठाऊक नाही.

सिनेमातली कमाई आई-नवऱ्याने घेतली, चेहरा कंपन्यांनी घेतला. हे सांगणं तेवढं तिचं स्वतःचं होतं. नटीच्या चरित्रात चमकदार नावं, पार्ट्या, कोण कुणाला काय म्हणालं असं असतं. इथे ते फार थोडं आहे. घर, घर आणि घर, हेच परत परत येतं. शिकलेल्या बाया हे पुस्तक धीट म्हणून वाखाणतात. मला ते जास्त करून दमलेलं वाटलं. दिवसभर राबून रात्री ओट्याशी टेकून बाई बोलते तसं.

मागच्या चातुर्मासात सासूबाईंची नजर अगदीच अधू झाली. दुपारी मी त्यांना काहीबाही वाचून दाखवते. एक दिवस म्हणाल्या, “ते कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक तू वाचायचीस ना गं, ते कुणाचं होतं?” म्हणजे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. मी सांगितलं, सखूचं. “मग वाच की.”

वाचत गेले. लग्नाचं झालं, मुलीचं झालं, मराठवाड्याचं झालं. मॅजिस्ट्रेटचा भाग आला तसा माझा आवाज अडला आणि दोन ओळी गाळून मी पुढे गेले. सासूबाई म्हणाल्या, “मधलं सोडलंस तू. ते वाच.” वाचलं. बराच वेळ त्या जपमाळ हातात धरून नुसत्या बसल्या, मणी काही पुढे सरकला नाही. मग बाहेर बघून म्हणाल्या, “दिवस कलला. जेवून घेऊया आधी.” सूर्यास्ताच्या आत ताटं व्हायला हवीत म्हणून मी उठले. “पण खूण घाल हं त्यात,” त्या मागून म्हणाल्या, “उद्या कुठनं वाचायचं ते सापडायला हवं.”