मांडवीच्या उत्तरेला भूल कोण देणार?

गोव्याच्या आधुनिक वैद्यकाचा इतिहास 1842 पासून मोजतात. त्या वर्षी पणजीत 'एस्कोला मेडिको' सुरू झाली. तिथून शिकून गेलेले डॉक्टर पुढे आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींपर्यंत पोचले. ही कथा वैद्य आणि सर्जन यांची म्हणून सांगितली जाते, भूलतज्ज्ञ तिच्यात कुठे येत नाही. एका अर्थी ते साहजिक आहे, कारण शाळा निघाली तेव्हा भुलीचे शास्त्र जगापुढे आलेच नव्हते. बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला तो 16 ऑक्टोबर 1846 रोजी. पण नंतरच्या काळासाठी ही सबब चालणार नाही. पेडणे, डिचोलीसारख्या तालुक्यांत कोणते ऑपरेशन होणार आणि कोणता रुग्ण पुढे पाठवला जाणार, हे सर्जनच्या हातापेक्षा भूल देणारा हजर आहे की नाही यावरच ठरते. (संमोहनाने माणसे निजवणाऱ्या आबे फारियाचा पुतळा पणजीत 1945 पासून उभा आहे, भूलतज्ज्ञाच्या वाट्याला साधी आठवणही नाही.)

यावर कोणी म्हणेल की पूर्वी भूल देणे सोपे होते, तोंडावर फडके धरून थेंब सोडायला तज्ज्ञ कशाला? ईथरपुरते यात थोडे तथ्य आहे. ते सावकाश चढे, पण श्वास बराचसा सांभाळून घेई. क्लोरोफॉर्म मात्र झटपट चढे आणि तितक्याच झटपट जीव घेई. 1848 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना त्यानेच दगावली. असे मृत्यू श्वास थांबून होतात की हृदय बंद पडून, हा वाद चाळीस वर्षांनीही मिटला नव्हता. हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांनी 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसवून श्वासावर लक्ष ठेवा, असा निर्वाळा दिला. हृदयही थेट बंद पडू शकते, हे पुढे सिद्ध झाले. जाणकारांचेच ज्यावर एकमत होत नव्हते, ते काम कुणीही करावे असे कसे म्हणता येईल?

पेडणे, डिचोलीसारख्या पोर्तुगिजांकडे उशिरा आलेल्या मुलखांपुढे, म्हणजे नव्या काबिजादींपुढे, तर नद्यांचाही प्रश्न होता. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे आले, पण मोठे इस्पितळ आणि वैद्यकीय शाळा पणजीत, म्हणजे मांडवीच्या दक्षिण तीरावर. पेडणेकरांना म्हापसा त्यातल्या त्यात जवळ, तर मध्ये शापोरा आडवी. पणजीजवळ मांडवीवर पूल झाला 1970 मध्ये, एस्कोलाचे गोवा मेडिकल कॉलेज होऊन सात वर्षे उलटल्यावर. 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला आणि लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले.

आता रस्ते आहेत, रुग्णवाहिका आहेत, राज्य लहान आहे. मग तज्ज्ञ बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातच (गोमेकॉत) एकत्र ठेवणे शहाणपणाचे नाही का? हर्निया किंवा पित्ताशयाच्या खड्यांसाठी जरूर आहे. तिथे तारीख ठरवता येते आणि गोमेकॉत सोयीही जास्त. बाळंतपणातला रक्तस्राव मात्र तारीख देत नाही. त्यात बाई दोन तासांतही जाऊ शकते. अशा वेळच्या सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्त आणि भूलतज्ज्ञ एकाच वेळी लागतात, आणि बहुतेकदा अडते ते शेवटच्यापाशी. केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी भूल देण्याचे 18 आठवड्यांचे प्रशिक्षण काढले, ते देशभरातल्या याच अडचणीमुळे. पेडण्यात वा डिचोलीत नव्या इस्पितळाची घोषणा झाली की खाटा किती हे नंतर विचारा. रात्री दोन वाजता भूल द्यायला कोण असेल, ते आधी विचारा.