पडद्यावरचा पाटील

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहोळजवळच्या एका जत्रेत तंबूतला सिनेमा लागला होता. पडद्यावर निळू फुले आले, डोळा तिरका करून नुसते हसले, आणि माझ्या शेजारच्या म्हातारीने कडाकडा बोटे मोडली. "मुडदा बशिवला मेल्याचा!" म्हणाली. नटाला याहून मोठी पावती कोणती? पण ही पावती मोठी महाग पडते, बरे का! खेड्यापाड्यांतल्या आयाबाया या माणसाला खरोखरच वाईट चालीचा समजत.

प्रत्यक्षात हा गृहस्थ कोण? १९३० साली जन्मलेला, तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला कार्यकर्ता. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांचे नाव झाले आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने ते चित्रपटात आले. १९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकात त्यांनी सखाराम उभा केला. नाटकावर बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली. असल्या भूमिकेला हात घालायला छाती लागते.

मात्र शिक्षकबंधूंनी आवर्जून पाहावा तो 'सामना'. लेखक पुन्हा तेंडुलकरच. दिग्दर्शक जब्बार पटेल, आपल्या पंढरपूरचे. यातला हिंदुराव मिशा पिळत नाही की आरडाओरडा करीत नाही. डॉ. श्रीराम लागूंच्या दारूबाज मास्तराला तो घरात ठेवून घेतो, गावात उभी केलेली भरभराट अभिमानाने दाखवतो. मास्तर मात्र नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी सोडीत नाही. तेव्हा हिंदुरावाच्या चेहऱ्यावर आधी त्रासिकपणा येतो, मग भीती. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला असा माणूस काही अनोळखी नाही. गाव उभे करणारा आणि गाव दाबणारा हात एकच असतो, हे फुल्यांनी त्या पाटलाचा द्वेष न करता दाखवले. मला तर हे त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

पुढे 'सिंहासन' आले, हिंदीत 'सारांश' आला. बाकी पुष्कळ चित्रपटांनी त्यांना तोच तो पाटील करून राबवले, हेही खरेच. मिळकतीचा आणि वेळेचा वाटा मात्र ते चळवळींना देत राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी गावोगाव फिरले. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते वारले. आमची म्हातारी त्याआधीच गेली होती. तो मनुष्य फार सज्जन आहे, असे मी तिला एकदा सांगून पाहिले होते. तिने काही ते ऐकले नाही.