तारांकित प्रश्नाची कुळकथा

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सागवनातून वळणे घेत सेमाडोहास सिपनेच्या काठी येतो. सिपना हा कोरकूंचा शब्द. त्याचा अर्थ साग. पानगळ सरली की याच सागाखाली पाचोळ्याचा थर साचतो, आणि म्हणून वनखात्याला 15 फेब्रुवारीच्या आत जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, सिद्ध ठेवावे लागतात. कारण त्या दिवसापासून 15 जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरला जातो. 2015 साली भारत सरकारने जगाला शब्द दिला की, वने व झाडी वाढवून 2030 पर्यंत आणखी 250 ते 300 कोटी टन कर्बवायू शोषून घेऊ. तेव्हापासून वणव्यात जळणाऱ्या प्रत्येक सागाचा हिशेब दिल्लीच्या दफ्तराशी जोडला गेला. तो हिशेब सरकारला विचारावयाचा कसा, याचे उत्तर एका चिमुकल्या चांदणीच्या कुळकथेत आहे.

'जाब' हे 'जवाब' या अरबी-फारसी शब्दाचे झिजलेले रूप. मूळ अर्थ उत्तर. तरी मराठी माणूस जाब 'विचारतो', जणू विचारण्याच्या अधिकारातच उत्तर मिळण्याचा अधिकार गृहीत आहे. इंग्रजी अमदानीला मात्र हे गृहीत मान्य नव्हते. 1892 च्या कायद्याने कायदे करणाऱ्या कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची अनुज्ञा मिळाली, परंतु सरकारने दिलेले उत्तर ऐकून मुकाट्याने खाली बसावे, असा त्या अनुज्ञेचा अर्थ होता. उत्तरावर पुरवणी प्रश्न विचारण्याची सवलत 1909 साली आली, तीही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याच्यापुरती. 1919 च्या सुधारणांनी ती सर्वांस खुली केली.

पुढे 1921 पासून, ज्या प्रश्नाचे उत्तर तोंडी हवे त्यावर सभासदाने चांदणीची खूण करावी, असा प्रघात पडला. हाच आपला तारांकित प्रश्न. पंधरा दिवसांची पूर्वसूचना, मग सोडत, आणि लोकसभेत दिवसाला असे 20 प्रश्न. त्यांची यादी हिरव्या कागदावर छापली जात असे आणि अतारांकित 230 प्रश्नांची पांढऱ्या कागदावर. अतारांकिताचे उत्तर लेखी येते आणि तेथेच निजते. तारांकिताला मात्र मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, विचारणाऱ्यास दोन पुरवण्या मिळतात आणि मागाहून इतरही उठतात. चांदणीचे मोल मूळ प्रश्नात नसून या पुरवणीत आहे.

उत्तर टाळण्याची कलाही मग वाढीस लागली. 'माहिती गोळा केली जात आहे' किंवा 'प्रकरण विचाराधीन आहे' असे म्हणून मंत्रिमहाशय खाली बसत. मूळचे कोकणचे आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष असलेले ग. वा. मावळंकर यांच्या कारकिर्दीत, 1 डिसेंबर 1953 रोजी, आश्वासन समिती स्थापन झाली. तिने अशी वाक्येच आश्वासने म्हणून नोंदविण्यास आरंभ केला, आणि ती पुरी करण्यास तीन महिन्यांची मुदत ठरली. 1993 पासून खातेनिहाय स्थायी समित्या आल्या. पर्यावरण, वने व हवामान बदल ज्या समितीकडे आहेत, तीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सभासद बसून अनुदानाच्या मागण्या तपासतात. ब्रिटनने 2008 साली कायदा करून सरकारच्या हवामानविषयक प्रगतीवर सांगोपांग अहवाल देणारी स्वतंत्र समिती नेमली. तसा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून आपला भार या जुन्या हत्यारांवरच अधिक पडतो.

ही हत्यारे बोथट नाहीत, पण त्यांचा पल्ला आखूड आहे. वने 1976 पासून समवर्ती सूचीत आहेत, म्हणून सेमाडोहच्या वणव्याविषयी दिल्लीत विचारणे अप्रस्तुत मुळीच नाही. मात्र मार्चच्या मध्यावर मंत्र्याने दिलेल्या आश्वासनाची मुदत जूनच्या मध्यावर संपते, आणि वणव्याचा हंगामही तेव्हाच संपतो. उत्तर पटलावर येईपर्यंत पावसाने राख धुऊन नेलेली असते. जे काम 2030 पर्यंत चालावयाचे, त्याचा जाब एका अधिवेशनात विचारून भागत नाही. तोच प्रश्न पुढल्या वर्षी, मागल्या उत्तराचा दाखला हाती धरून, पुन्हा विचारावा लागतो.

सेमाडोह ज्या मेळघाटात आहे, तो अमरावती लोकसभा मतदारसंघात मोडतो. तेव्हा येथील मतदाराने आपल्या खासदारास पत्र लिहिताना 'प्रश्न विचारा' एवढेच लिहून थांबू नये. प्रश्न चांदणी लावून विचारा, मागल्या वर्षीचे उत्तर सोबत ठेवा, आणि जाळरेषांविषयी विचारावयाचे असेल तर ते हिवाळी अधिवेशनातच विचारा, असे लिहावे.