जुन्नर-दर्शनाचा हिशेब : मजल, मुक्काम आणि दोन दिवस

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातील लोणी ह्या गावाहून जुन्नर नगर पाहावयास निघालेल्या प्रवाशास मंचर व नारायणगाव ही दोन ठिकाणे ओलांडावी लागतात. निघण्यापूर्वीच त्याच्यापुढे नामसादृश्याची एक अडचण उभी राहते. पुणे जिल्ह्यात लोणी एक नाही. लोणी काळभोर, लोणी कंद, लोणी भापकर अशी कुळनामे जोडून ती परस्परांपासून वेगळी ठेवावी लागतात, आणि आंबेगावातील लोणी शेजारच्या धामणीच्या सोबतीने ओळखली जाते. पाहुणा लोणीला येतो असे नुसते कळविले, तर तो सोलापूर रस्त्यावर जाऊन उभा राहण्याचा संभव अधिक. प्रवासाची आखणी प्रथम नामांच्या निश्चितीपासून करावी लागते, ती अशी.

प्रवाशाजवळ दोन दिवस आहेत असे धरू. जुन्नर परिसरातील प्रेक्षणीय स्थळांची जी यादी सामान्यतः हाती पडते तीत शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, तुळजा लेणी, मानमोडी, चावंड, हापूसबागेकडील सौदागर घुमट, माळशेज घाट आणि खोडदची महाकाय दुर्बीण एवढी नावे असतात. हे सर्व दोन दिवसांत पाहता येईल, असे ती यादी स्पष्ट म्हणत नाही. मात्र येणार नाही असेही म्हणत नाही. यादीचे व्याकरणच असे आहे की तीत क्रियापद नसते. कोण चालणार, कोणत्या प्रहरी चढणार, कोठे जेवणार आणि कोठे निजणार ह्यांचा उल्लेख तीत येत नाही. पूर्वीच्या प्रवाशांची भाषा ह्याहून वेगळी होती, आणि ती कशी वेगळी होती हे जुन्नरच्याच इतिहासावरून पाहणे उद्‌बोधक ठरते.

प्रवासाच्या मोजमापाचे मराठी शब्द पाहिले असता त्यांतील बहुतेक अंतराचे नसून श्रमाचे आहेत असे दिसते. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’पासून आला, क्रोश म्हणजे हाक, आणि तिच्या पल्ल्यावरून अंतराचे माप. प्राचीन मराठीतील ‘पेणे’ म्हणजे वाटेतील विसाव्याची जागा. अरबीतून फारसीच्या द्वारे आलेले ‘मजल’ आणि ‘मुक्काम’ हे शब्दही त्याच जातीचे होत. मजल म्हणजे एका दिवसात माणूस, घोडा किंवा बैल जेवढे चालून उतरू शकेल तेवढे. घाटातील मजल आणि देशावरील मजल कोसांत सारख्या नसत. तरीही दोन्ही एकेक मजलच. ‘दरमजल दरकूच’ म्हणताना किती मैल झाले हे कोणी सांगत नसे, किती वेळा उतरले आणि किती वेळा निघाले हे सांगत. आजचा ‘सहल’ हा शब्द मात्र अरबीतील ‘सोपे, सुकर’ ह्या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती मान्य केली तर शब्दाच्या मुळातच आखणीतील पहिली चूक दडलेली आहे, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही.

जुन्नरला आलेल्या परदेशी प्रवाशांत अफनासी निकितीन हा रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी विशेष प्रसिद्ध आहे. बहामनी राज्याच्या काळात, १४७० च्या आसपास, तो एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. चौलहून पालीस आठ दिवस, पालीहून उमरीस दहा दिवस आणि तेथून आणखी आठवडाभर अशी आपल्या मार्गाची नोंद त्याने केली आहे. हेच अंतर अन्यत्र तो वीस ‘कोव’ असे देतो आणि एका कोवाचे दहा वर्स्त धरतो. वर्स्त हे किलोमीटरहून थोडेसेच मोठे माप असल्याने हिशेब दोनशे किलोमीटरांच्या वर जातो. कोव म्हणजे कोस असे सहज वाटते. परंतु कोस साधारणतः दोन मैलांचा, तर निकितीनचा कोव साडेसहा मैलांहून मोठा. मराठीत अंतरासाठी ‘गाव’ हा शब्दही वापरीत, व तो कोसाहून मोठ्या मापाचा होता. निकितीनच्या कानी पडलेला शब्द ह्या कुळातला असावा, असे मापावरून वाटते. काहीही असो, पंचवीस दिवसांना दोनशे किलोमीटर म्हणजे दिवसाला आठ. सह्याद्रीची चढण आणि बरोबर विक्रीचा मौल्यवान घोडा, ह्या दोन गोष्टींनी हा वेग ठरविला होता.

जुन्नरला पोहोचताच पावसाळा लागला आणि निकितीनचा मुक्काम दोन महिन्यांचा झाला. पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो, आणि चार महिने रात्रंदिवस सर्वत्र पाणी व चिखल असल्याचे लिहितो. ह्याच मुक्कामात तेथील खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला व धर्मांतराची अट घातली; एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. नगराचे वर्णन करताना तो म्हणतो की ते एका खडकाळ बेटावर आहे, मनुष्याने बांधलेले नसून ईश्वरनिर्मित आहे, आणि वर जाण्याची वाट इतकी अरुंद की एकेकट्यानेच चढावे लागते व चढावयास दिवस लागतो. हे वर्णन शिवनेरीचे आहे हे उघड आहे. आज पायथ्यापासून शिवाई देवीच्या देवळापर्यंत धडधाकट माणसास तासाभराहून फार अधिक वेळ लागत नाही. म्हणून निकितीनचे विधान अतिशयोक्त मानण्याची घाई मात्र करू नये. पहारे, परवानग्या आणि एकेरी वाट ह्यांनी दिवस खर्ची पडत असे. सात दरवाजांपैकी एकाचे नावच ‘परवानगीचा दरवाजा’ आहे, ही गोष्ट ह्या संदर्भात विसरता येत नाही.

दोन शतकांनंतर, १६७५ च्या उन्हाळ्यात, जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य मुंबईहून जुन्नरला आला. नगर तेव्हा मोगलांकडे होते आणि तेथील सुभेदाराने त्याला औषधोपचारासाठी बोलाविले होते. कल्याण व मुरबाडवरून घाटाखाली आल्यावर त्याची वाट चुकली. सोयीचा नाणेघाट सोडून तो दुसऱ्याच एका अतिशय अवघड घाटाने वर चढला, आणि नाणेघाटाची सुलभता त्याला परतीच्या उतरणीवर प्रथम कळली. सातवाहन काळापासून वाहता असलेला राजमार्ग जवळ असूनही परक्यास तो सापडला नाही, ह्याचे कारण असे की मार्ग हा नकाशावर असण्यापूर्वी वाटाड्याच्या तोंडी असतो. फ्रायरला किल्ला पाहावयास मिळाला तोही आमंत्रणाने. हजार कुटुंबांना सात वर्षांच्या वेढ्यात पुरेल एवढी शिधासामग्री वर असल्याचे तो सांगतो. त्याचा ग्रंथ १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील जुन्नरचे चित्र भरीव उतरले, कारण त्याने पाहिलेली स्थळे थोडी होती आणि प्रत्येक ठिकाणी त्याला थांबावे लागले होते.

एतद्देशीय परंपरेत प्रवासाची आखणी यात्रेच्या रूपाने झाली. महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरांच्या वास्तव्याने पवित्र झालेल्या जागा गावोगाव दिशा सांगून नोंदविल्या आहेत. वाचणारा प्रत्यक्ष जाऊन उभा राहणार आहे हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. अष्टविनायकांचा क्रम ह्याहून निराळ्या प्रकारचा आहे. मोरगावी आरंभ करावा, मग सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव असे करीत पुन्हा मोरगावी यावे असा तो सांगितला जातो. सिद्धटेकहून थेट कोकणात पालीस उतरावयाचे आणि पुन्हा घाट चढून थेऊरला यावयाचे, असा ह्याचा भौगोलिक अर्थ होतो. व्यवहारात फार थोडे यात्रेकरू हा क्रम पाळतात. दोन दिवसांच्या मोटारयात्रांनी तो केव्हाच सोयीप्रमाणे फिरविला. श्रद्धेला त्यामुळे बाध आल्याचे दिसत नाही. मात्र ह्या फेरजुळणीचा एक परिणाम असा झाला की आठांपैकी जी दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत, त्या लेण्याद्री व ओझर ह्यांना एका सकाळीत उरकण्याची रीत पडली.

ह्या रीतीने काय गमावले जाते हे लेण्याद्रीवर स्पष्ट दिसते. सुमारे तीनशे पायऱ्या चढून यात्रेकरू ज्या प्रशस्त मंडपात येतो ते सातवे लेणे. मध्ये एकही खांब नसलेला तो मूळचा बौद्ध विहार असून भोवती भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. गणपतीचे दर्शन घेऊन तो उतरू लागतो. त्याच्या अगदी शेजारी सहावे लेणे आहे, ते चैत्यगृह. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याने ते दिल्याचा लेख तेथे कोरलेला आहे. हेरणिक म्हणजे संस्कृतातला हैरण्यिक, सोन्याचा किंवा कोशाचा व्यवहार पाहणारा. कल्याणचा पैसा नाणेघाट चढून जुन्नरच्या डोंगरात चैत्य होऊन बसला. फ्रायर ज्या कल्याणहून आला, त्याच कल्याणहून हा दाताही. पन्नास पावलांच्या अंतरावरील ही गोष्ट दिवसभरात सहा स्थळे पाहावयास निघालेल्या माणसाला दिसत नाही, कारण खाली गाडी थांबलेली असते.

जुन्नरभोवतीच्या लेण्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते. कर्नल साइक्सने येथील लेखांचे नमुने १८३७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे भगवानलाल इंद्रजी व बर्जेस ह्यांनी १८८१ मध्ये त्यांचे वाचन छापले. धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, कासार ह्यांच्या श्रेणींची दाने त्यांत आहेत. इरिल, चिट व चंद ह्या तीन यवनांची दाने आहेत; कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. मानमोडीवर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम ह्याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. राजांच्या इतिहासात न येणारी ही माणसे जुन्नर सोडल्यास महाराष्ट्रात इतक्या दाटीने क्वचितच भेटतात. आणि दोन दिवसांच्या प्रचलित कार्यक्रमात मानमोडीचे नाव बहुधा आढळत नाही. जी जागा कार्यक्रमातून गळते तिच्याकडे वाट राहत नाही, वाट नसली की राखणही सैल होते, आणि अखेर लेखाच्या अक्षरांवर खडूने नावे लिहिली जातात. कार्यक्रम आखणारा नकळत स्मरणाचीही निवड करीत असतो. शिवनेरीला ही भीती नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशात समाविष्ट झाला, आणि १६३० मधील शिवजन्मामुळे त्याच्याकडील ओघ कधी आटलेलाही नव्हता.

तेव्हा लोणीहून निघालेल्या त्या प्रवाशाचे दोन दिवस कसे जावेत? नगराची रचना त्यास अनुकूल आहे. जुन्नर मध्ये, पश्चिमेस लगत शिवनेरी, उत्तरेस कुकडीपलीकडे लेण्याद्री, दक्षिणेस मानमोडी, आणि शिवनेरीच्याही पश्चिमेस तुळजा लेणी. नाणेघाट मात्र ह्या वर्तुळात बसत नाही. तो तीस किलोमीटरांहून दूर, घाटमाथ्यावर आहे. नागनिकेचा लेख वाचावयाचा, दगडी रांजण पाहावयाचा आणि घाटाच्या फरसबंदीवर थोडे तरी उतरावयाचे तर त्याला स्वतंत्र दिवस हवा. माळशेज, चावंड व खोडद ह्यांचेही तेच. ही चार नावे प्रारंभीच खोडावीत. खोडताना वाईट वाटते. पण जो काही खोडीत नाही त्याने आखणी केली असे म्हणता येत नाही.

पहिल्या दिवसाचा पहिला प्रहर लोणी ते जुन्नर ह्या प्रवासातच जातो. नारायणगावापुढे थोडी वाट वाकडी केली की ओझरचे दर्शन घडते, आणि जुन्नरला जेवणवेळेपर्यंत पोहोचता येते. दुपार पेठेत, जुन्या वाड्यांच्या सावलीत व सौदागर घुमटाकडे घालवावी. ऊन कलल्यावर शिवनेरी चढावा. सात दरवाजे, अंबरखाना, गंगा-जमना टाकी, जन्मस्थान, कडेलोट एवढ्यास तीन तास पुरतात. घाईने दोन तासांत होते, परंतु मग टाक्यांचे पाणी पाहून होते आणि ती कातळात कशी धरली आहेत हे पाहावयाचे राहते. मुक्काम जुन्नरलाच करावा. रात्री परत फिरून सकाळी पुन्हा येण्याचा विचार सोडून द्यावा. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि अंधारात आडवाटेने दुचाकीवर निघणे गावकरीही टाळतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लेण्याद्री. लेणी दक्षिणाभिमुख असल्याने उन्हाळ्यात दिवस वर आला की पायऱ्या व कातळ तापतात. लेण्यांचे क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे लावलेले आहेत. सहावे आधी पाहावे, मग सातवे. कपारींत आग्यामोहळे असतात, म्हणून तेथे धूर व गलका करू नये. उतरून न्याहारी करावी आणि उरलेल्या वेळात तुळजा किंवा मानमोडी ह्यांतील एकच निवडावे. तुळज्याला बारा अष्टकोनी खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह आहे, तसे क्वचितच कोठे आढळते; तेथे जाणेही सोपे. मानमोडीला पायवाट, झुडपे आणि गावातला एखादा माहीतगार लागतो. ज्याला शिल्प पाहावयाचे आहे त्याने तुळजा घ्यावे, ज्याला लेख वाचावयाचे आहेत त्याने मानमोडी. पावसाळ्यात मात्र हा पर्यायही उरत नाही. निसरड्या कातळावरून मानमोडीला जाण्याऐवजी निकितीनाप्रमाणे गावात थांबावे हे बरे.

चौथ्या प्रहरी जुन्नर सोडले तर मंचरला दिवेलागणीच्या आत पोहोचता येते, आणि तेथून पूर्वेकडचा रस्ता धरून लोणीस. बरोबर टिपणवही असेल तर तीत दोन दिवसांत चारच नावे चढलेली असतील. ओझर धरून पाच.