शिंपल्यांचे अन्नग्रहण व विषसंचय
द्विपुट शिंपाधारी प्राणी कल्ल्यांवरील पक्ष्माभिकांच्या साहाय्याने पाणी गाळून त्यातील प्लवक खातात. या अन्नग्रहणातील धोका फार उशिरा उलगडला. १७९३ मध्ये व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील एक खलाशी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मसल जातीचे शिंपले खाऊन मरण पावला. १९२७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरात १०२ जणांना विषबाधा होऊन ६ दगावले. सॉमर, मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये या विषाचे मूळ गोन्यॉलॅक्स कॅटेनेला (आजचे नाव अलेक्झांड्रियम कॅटेनेला) या एकपेशीय प्लवकात असल्याचे दाखविले. मसलच्या पचन ग्रंथीत विष साठते. प्राणी मात्र सहसा निरोगी दिसतो. शिजवूनही विष नाहीसे होत नाही, ही खरी अडचण होय. मसलमधून ते काही आठवड्यांत उत्सर्जित होते. सॅक्सिडोमस शिंपल्यात वर्षाहून अधिक काळ टिकते. सॅक्सिटॉक्सिन हे नाव त्यावरूनच पडले.