बांधावरचे विलायती पंच

इंग्रज माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंगला, बाग, कुत्रा आणि चहा येतो. तो नांगर घेऊन शेजाऱ्याच्या पट्टीत घुसत असेल, हे काही मनात येत नाही. पण घुसतो हो! निदान लॅक्स्टनला तरी त्याला पकडायची सोय आहे.

लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमशायरमधले लहानसे खेडे. एक चर्च, नॉर्मन काळातल्या गढीचा मातीचा उंचवटा आणि डव्हकोट इन नावाचा पब. अशी खेडी इंग्लंडात पैशाला पासरी. खरी गंमत आहे ती शिवारात. मध्ययुगात तिकडच्या कितीतरी गावांची शेती दोन-तीन मोठ्या, बिनकुंपणाच्या रानांत असे. प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या सगळ्या रानांत विखुरलेल्या. म्हणजे काळीभोर जमीन एकट्याच्या घशात नको आणि खडकाळ एकट्याच्या माथी नको! एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पडीक. दरसाल पाळी पुढे सरकायची.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायद्यांवर कायदे करून अशी राने कुंपणांनी तोडली. कित्येक लहान शेतकरी मजूर झाले. लॅक्स्टनची तीन राने मात्र राहिली. का, तर म्हणे अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन बड्या जमीनदारांचे एकमेकांशी जमेना! न पटण्यामुळे बुडालेली गावे आपण ढिगाने पाहिली. न पटण्यामुळे तरलेले हे एकच.

आता बांधाकडे वळू. दर वर्षी नोव्हेंबरअखेर गावातलेच पंच गव्हाच्या रानाची पाहणी करतात. पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात, कुणी सामायिक गवतात किंवा वाटेत नांगर घातला का ते बघतात, आणि मग पबमध्ये जेवायला बसतात. आठवड्याभराने तिथेच 'कोर्ट लीट' भरते नि चुकाराला दंड होतो. रक्कम किरकोळ, पण ती अख्ख्या गावासमोर ऐकावी लागते. 1977 साली कायद्याने अशा जुन्या मॅनॉर-कोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हाही लॅक्स्टनला सूट दिली.

हे वाचताना मला आमचे काका आठवले. वीतभर बांधासाठी त्यांनी आयुष्यभर तारखा केल्या. त्या विताच्या पिकावर कोंबडीचेही पोट भरले नसते. वकिलाच्या घरावर मात्र मजला चढला. समेटाचे नाव काढले की काका म्हणत, "वीत गेली तरी चालेल रे, पण त्याला मिळता कामा नये!" दोघेही गेले. दावा मुलांना वारसाहक्काने मिळाला. त्यांची मुले लहानपणी एकत्र विटीदांडू खेळलेली; आता लग्नपत्रिकासुद्धा पोस्टाने धाडतात.

लॅक्स्टनच्या शिवाराचा 1635 सालचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यानंतर पट्ट्या कमी झाल्या, मोठ्या झाल्या, बैल-घोडे जाऊन ट्रॅक्टर आले. मालकही बदलले: 1952 मध्ये शेती खाते, 1981 मध्ये क्राउन इस्टेट, 2020 मध्ये थोर्सबी इस्टेट. पंच मात्र फिरताहेत. त्यांचे शहाणपण फार थोर नाही. भांडण होणार हे त्यांनी गृहीत धरले, आणि ते पुढच्या पेरणीच्या आत मिटवायचे ठरवले, इतकेच. जेवणही त्याच दिवशी उरकतात, हे आपल्या पंचांना जास्त पटेल.